तीव्र स्वादुपिंडदाहाची कारणमीमांसा : ‘अज्ञातहेतुक’ ह्या संज्ञेचा इतिहास

पोटाच्या वरच्या भागात एकाएकी उठून पाठीकडे जाणारी असह्य वेदना, वांत्या आणि काही रुग्णांत झपाट्याने ढासळणारी प्रकृती, ही तीव्र स्वादुपिंडदाहाची लक्षणे होत. ह्या विकाराचा इतिहास बहुधा शल्यचिकित्सेच्या अंगाने लिहिला जातो. पोट उघडावे की न उघडावे, उघडावयाचे तर केव्हा, हे वाद त्यात विस्ताराने येतात. विकाराच्या कारणांचा शोध कसा लागत गेला, आणि ज्या रुग्णांत कारण सापडलेच नाही त्यांच्याविषयी वैद्यकाने वेळोवेळी काय ठरविले, हा प्रश्न त्या मानाने मागे पडतो. वास्तविक रुग्णाच्या दृष्टीने हाच प्रश्न अधिक निकडीचा आहे. पुष्कळ रुग्णांचा पहिला झटका सौम्य असतो आणि थोड्या दिवसांत ओसरतो. पण कारण शरीरात तसेच राहिले तर दुसरा झटका येऊ शकतो, आणि तो सौम्यच असेल अशी शाश्वती कोणालाही देता येत नाही.

कारण न सापडलेल्या विकारास पाश्चात्त्य वैद्यकात ‘इडिओपॅथिक’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा रोख विकार आपल्या आपणच, दुसऱ्या कशामुळे न होता, उद्भवतो असे सांगण्याकडे होता. म्हणजे ‘स्वयंभू’ हा त्याचा जुना अर्थ. ‘ज्याचा हेतू आज ज्ञात नाही तो’ हा अर्थ त्याला पुढे चिकटला. पहिला अर्थ रोगाविषयी विधान करतो, दुसरा वैद्याविषयी. तीव्र स्वादुपिंडदाहाच्या इतिहासात हे दोन अर्थ पुनःपुन्हा एकमेकांत मिसळले गेले, आणि त्या गोंधळाची किंमत रुग्णांना मोजावी लागली.

स्वादुपिंड हे इंद्रिय जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लगटून आडवे पसरलेले असल्यामुळे ते दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. आयुर्वेदीय ग्रंथांतील ‘क्लोम’ म्हणजे स्वादुपिंडच, असे काही अभ्यासकांनी प्रतिपादिले आणि इतरांनी नाकारले; तो वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. यूरोपात १६४२ मध्ये पादुआ येथे योहान गेओर्ग विर्सुंग ह्याने एका देहदंड झालेल्या माणसाच्या प्रेतात ह्या इंद्रियातून जाणारी वाहिनी शोधून काढली व तिचे चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून घेतले. ती वाहिनी कशासाठी आहे हे त्याला उमगले नव्हते, आणि उमगण्यापूर्वीच, १६४३ मध्ये, त्याचा खून झाला. पुढे १७२० मध्ये आब्राहाम फाटर ह्याने, पित्तवाहिनी आणि स्वादुपिंडवाहिनी ग्रहणीत, म्हणजे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात, जेथे एकत्र उघडतात त्या उंचवट्याचे वर्णन केले. कारणमीमांसेचे पुढचे बहुतेक सगळे नाट्य ह्या काही मिलिमीटरांच्या जागेत घडले आहे.

विकाराचे पहिले पद्धतशीर वर्णन बॉस्टन येथील रेजिनाल्ड फिट्झ ह्यांनी १८८९ मध्ये केले. त्यापूर्वी तीनच वर्षे, १८८६ मध्ये, त्यांनी आंत्रपुच्छदाहाचे स्वरूप स्पष्ट केले होते. शवविच्छेदनातील नोंदी आणि रुग्णाच्या हयातीतील लक्षणे एकमेकांशी जुळवून रोगाची ओळख पटविण्याची त्यांची रीत दोन्ही ठिकाणी सारखीच आहे. त्यांच्या लेखाने वैद्यांना हा विकार खाटेपाशी ओळखण्यास शिकविले. त्यानंतर १८९६ मध्ये प्राग येथील हान्स कियारी ह्यांनी एक वेगळाच विचार मांडला. स्वादुपिंड अन्न पचविणारे रस तयार करते. तेच रस अवेळी व अस्थानी जागृत झाले तर स्वतः स्वादुपिंडच पचविले जाते, हा तो विचार. विकारात काय घडते ह्याचे हे उत्तर आजही ग्राह्य आहे. ते कशामुळे घडते, हा प्रश्न मात्र त्याने खुलाच ठेवला.

त्या प्रश्नाचे पहिले भक्कम उत्तर १९०१ मध्ये बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉप्किन्स रुग्णालयातून आले. विल्यम हॉल्स्टेड ह्यांनी शस्त्रक्रिया केलेला एक रुग्ण दगावला आणि त्याचे शवविच्छेदन यूजीन ओपी ह्या २८ वर्षांच्याही आतल्या विकृतिशास्त्रज्ञाकडे आले. फाटरने वर्णिलेल्या जागी ओपींना पित्ताचा एक बारीक खडा अडकलेला आढळला. त्याचा व्यास सुमारे ३ मिलिमीटर होता. तो इतका लहान होता की त्याने बाहेरचे तोंड तर बंद केले, पण आतील दोन वाहिन्यांची तोंडे मोकळीच ठेवली. त्यामुळे दोन्ही वाहिन्या मिळून एकच बंद नळी बनली आणि पित्त उलट दिशेने स्वादुपिंडात शिरले, अशी उपपत्ती ओपींनी मांडली. कुत्र्यांच्या स्वादुपिंडवाहिनीत पित्त सोडून त्यांनी तसाच दाह उत्पन्न करून दाखविला. (क्लोद बेर्नार ह्यांनी असाच प्रयोग १८५६ पूर्वीच केला होता.) मोठा खडा पित्तवाहिनी बंद करून कावीळ आणतो हे वैद्यांना ठाऊक होते, लहान खडा त्याहून घातक ठरू शकतो, हे येथे प्रथमच दिसले.

ओपींच्या उपपत्तीवर पुढे आक्षेप आले, आणि ते योग्यही होते. दोन्ही वाहिन्यांना सामाईक मार्ग सर्वच माणसांत पुरेसा लांब नसतो. शिवाय स्वादुपिंडवाहिनीतील दाब सामान्यतः पित्तवाहिनीतील दाबापेक्षा अधिक असतो, मग पित्त उलट शिरणार कसे? ऑपॉसम नावाच्या अमेरिकन प्राण्यावर केलेल्या व १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, पित्ताचा शिरकाव मुळीच होऊ न देता केवळ स्वादुपिंडवाहिनी बांधली तरी तीव्र दाह होतो. म्हणजे ओपींचा खडा खरा, पण त्याने केलेल्या अपायाचे त्यांचे स्पष्टीकरण बहुधा अपुरे. तथापि इतिहासाच्या दृष्टीने ह्याहून महत्त्वाची अडचण निराळीच होती. ओपींच्या रुग्णात जो खडा सापडला तो इतर बहुसंख्य रुग्णांत सापडतच नव्हता.

ही अडचण का वाढली हे समजण्यासाठी निदानाच्या साधनांकडे वळावे लागते. १९०८ मध्ये यूलियस वोल्गेमूट ह्यांनी मूत्रातील पिष्टपाचक एंझाइम मोजण्याची रीत दिली. १९२९ मध्ये सेंट लुईस येथील एलमन, आर्नेसन आणि ग्रॅहम ह्यांनी रक्तातील अमायलेजच्या मापनाचे निदानातील मोल दाखवून दिले. तोवर हा विकार शस्त्रक्रियागृहात किंवा शवागारातच खात्रीने ओळखता येई. आता तो रक्ताच्या थोड्याशा नमुन्यावरून ओळखता येऊ लागला. त्याचा परिणाम असा झाला की, ज्यांच्यावर पूर्वी अजीर्णाचा वा जठरव्रणाचा शिक्का बसला असता असे सौम्य विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने नजरेस आले. हे रुग्ण बरे होऊन घरी जात. त्यांचे शवविच्छेदन होण्याचा प्रश्नच नव्हता, आणि म्हणून ओपींनी जेथे पाहिले तेथे पाहण्याची संधीही कोणाला नव्हती. ‘अज्ञातहेतुक’ रुग्णांचा मोठा वर्ग हा काही अंशी अमायलेजच्या चाचणीचे अपत्य आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. ज्या ग्रॅहम ह्यांचे नाव ह्या चाचणीशी निगडित आहे त्यांनीच कोल ह्यांच्यासमवेत १९२४ मध्ये पित्ताशय क्ष-किरणांनी पाहण्याची पद्धत दिली होती, हा योगायोग लक्षणीय आहे. परंतु त्या पद्धतीने मोठे खडे दिसत. ३ मिलिमीटरांचा खडा तिच्या आवाक्यात क्वचितच येई.

ह्या पोकळीत मद्याची उपपत्ती शिरली. फ्रीडरायख ह्यांनी १८७८ मध्येच मद्यपींच्या स्वादुपिंडाचे वर्णन केले होते, आणि दीर्घकाळ अतिमद्यपान केल्याने हा विकार होतो ह्यात संशय नाही. परंतु एखादे कारण खरे असणे आणि समोरच्या रुग्णात तेच कारण असणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत. ज्या रुग्णाच्या पित्ताशयात काही सापडले नाही तो पीत असला पाहिजे, आणि नाही म्हणत असेल तर खोटे बोलत असला पाहिजे, हा तर्क दवाखान्यांतून सहज रूढ होण्यासारखा होता. मद्याला स्पर्श न करणाऱ्या माणसावर ह्या तर्काने जो कलंक येतो त्याचा हिशेब कोणत्याही वैद्यकीय नियतकालिकात सापडणार नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास ह्या वर्गातून एकेक गट वेगळा होऊ लागला. क्लॅट्स्किन आणि गॉर्डन ह्यांनी १९५२ मध्ये रक्तातील अतिरिक्त मेदाचा आणि वारंवार होणाऱ्या स्वादुपिंडदाहाचा संबंध दाखविला. अशा रुग्णाचा रक्तद्रव दुधासारखा पांढुरका दिसतो, आणि गंमत अशी की तोच पांढुरकेपणा अमायलेजच्या मापनात व्यत्यय आणून ते खोटेच प्राकृत दाखवू शकतो. बॉस्टन येथील ऑलिव्हर कोप आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९५७ मध्ये मानेतील परावटू ग्रंथींचा अतिरेक व त्यामुळे रक्तात वाढलेले कॅल्शियम हे कारण पुढे आणले. पोटातील दुखण्याचे मूळ गळ्यातील मसुराएवढ्या ग्रंथीत असू शकते, हे कळण्यासाठी कोणीतरी रक्तातील कॅल्शियम मोजून पाहणे तेवढे आवश्यक होते. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर तर विंचूदंश हेच एक कारण निघाले. तेथील बार्थोलोम्यू ह्यांनी १९७० मध्ये दंश झालेल्या ३० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी २४ जणांत स्वादुपिंडदाह आढळला. कोकणातील लाल विंचवाचे विष मुख्यतः हृदयावर व फुप्फुसांवर आघात करते, हे महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांच्या संशोधनामुळे मराठी वाचकास परिचित आहे. दोन प्रदेशांतील दोन विंचवांची ही तुलना कारणमीमांसा किती स्थानिक असू शकते हे दाखविते.

तथापि ही सर्व कारणे एकत्र केली तरी अज्ञातहेतुक रुग्णांचा वर्ग लहान झाला तो थोडाच. खरे वळण १९७४ मध्ये आले, आणि ते बॉस्टन, बॉल्टिमोर किंवा बर्लिन येथून न येता आर्जेन्टिनातील रोझारियो ह्या शहरातून आले. तेथील शल्यचिकित्सक हुआन आकोस्ता आणि कार्लोस लेडेस्मा ह्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. शस्त्रक्रियेच्या वेळी वाहिनीच्या तोंडाशी खडा सापडत नाही ह्याचा अर्थ तो तेथे कधी नव्हताच असा होतो काय? तो काही तास अडकून, आपले काम करून, पुढे आतड्यात निघून गेला असेल तर? आणि तसे असेल तर तो शेवटी जेथे जाणार तेथेच शोधला पाहिजे. त्यांनी रुग्णांची विष्ठा गोळा करून चाळणीतून धुऊन पाहिली. पित्ताशयात खडे असलेल्या व स्वादुपिंडदाह झालेल्या ३६ रुग्णांपैकी ३४ जणांच्या विष्ठेत खडे सापडले.

ह्या संशोधनाचे मोल केवळ ३४ ह्या आकड्यात नाही. पित्ताचे खडे असलेल्या कोणाच्याही विष्ठेत खडे सापडत असतील तर त्यावरून काहीच सिद्ध होणार नाही, हे त्या दोघांनी ओळखले होते. म्हणून ज्यांना खडे आहेत पण स्वादुपिंडदाह झालेला नाही अशा आणखी ३६ रुग्णांची विष्ठा त्यांनी त्याच रीतीने चाळली. तेथे खडे सापडले ते केवळ ३ जणांत. ३४ आणि ३ ह्यांमधील अंतराने ओपींच्या एका शवावरील निरीक्षणाला ७३ वर्षांनी सर्वसामान्य नियमाचे स्वरूप दिले. चाळणी आणि पाणी ही त्यासाठी लागलेली उपकरणे १९०१ मध्येही उपलब्ध होती. काम किळसवाणे होते, एवढाच त्यातील अडसर. आणि शोध लांबण्याचे ते कारण कोणत्याही सैद्धांतिक कारणाइतकेच खरे असावे.

रोझारियोच्या संशोधनाने दाखविले की खडा क्षणभंगुर असू शकतो. मग जेथे पित्ताशयातही काही दिसत नाही तेथे तो अदृश्य असण्याइतका सूक्ष्मही असू शकेल, ही पुढची पायरी होती. १९७० नंतरच्या दशकांत श्राव्यातीत ध्वनिलहरींनी पोटाची तपासणी, जिला व्यवहारात सोनोग्राफी म्हणतात, सर्वत्र पसरली आणि पित्ताशयातील खडे दाखविण्यात ती क्ष-किरणांना मागे टाकती झाली. तरीही काही रुग्णांत ती निरंक येई. बार्सिलोना येथील एका गटाने १९९१ मध्ये आणि सिअ‍ॅटल येथील ली, निकल्स व पार्क ह्यांनी १९९२ मध्ये अशा रुग्णांचे पित्त नळीवाटे काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. सिअ‍ॅटलच्या ८६ रुग्णांपैकी ३१ जणांत नेहमीच्या तपासण्यांनी कारण मिळाले नव्हते. त्या ३१ पैकी २३ जणांच्या पित्तात कोलेस्टेरॉलचे स्फटिक किंवा रंगद्रव्याचे कण असलेला गाळ सापडला. ज्यांचे पित्ताशय काढले किंवा वाहिनीचे तोंड रुंद केले त्यांना पुढे झटके कमी आले. म्हणजे अज्ञातहेतुक म्हणून घरी धाडलेल्या दर चार रुग्णांतील सुमारे तिघांचा हेतू पित्ताच्या एका थेंबात बसला होता.

ह्याच काळात उलट दिशेची एक चूकही घडत होती. १९६८ मध्ये वॉशिंग्टन येथील मॅक्यून आणि त्यांचे सहकारी ह्यांनी तोंडावाटे दुर्बीण घालून फाटरच्या उंचवट्यात नळी सरकविली, आणि जिवंत माणसाच्या स्वादुपिंडवाहिनीचे चित्र मिळविण्याचा मार्ग खुला झाला. जे दिसू लागले त्यात जन्मजात वैचित्र्ये पुष्कळ निघाली. गर्भावस्थेत स्वादुपिंडाचे दोन भाग जुळून एक होतात. काही माणसांत त्यांच्या वाहिन्या जुळतच नाहीत आणि बराचसा रस एका अरुंद दुय्यम तोंडातून बाहेर पडतो. १९८० मध्ये पीटर कॉटन ह्यांनी हे विभाजित स्वादुपिंड हे दाहाचे कारण असल्याचे मांडले, आणि ते तोंड कापून रुंद करण्याचा उपचार प्रचारात आला. पण असे वैचित्र्य निरोगी माणसांतही कितीदा असते? २०१२ मध्ये बेर्तां आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी तुलना करून पाहिली तेव्हा कारण न सापडलेल्या रुग्णांत त्याचे प्रमाण इतर माणसांहून अधिक नव्हते. ते अधिक आढळले ते विशिष्ट आनुवंशिक दोष असलेल्या रुग्णांत. म्हणजे ते वैचित्र्य एकटे दोषी नसून फार तर साथीदार असावे. रोझारियोच्या शल्यचिकित्सकांनी दुसऱ्या ३६ जणांची विष्ठा चाळली ती का, ह्याचे उत्तर येथे मिळते. त्यातच ही दुर्बिणीची तपासणी स्वतःच काही जणांना स्वादुपिंडदाह घडविते. कारण शोधण्याचे साधन कारणांच्या यादीत जाऊन बसले, असे उदाहरण वैद्यकातही विरळाच.

आनुवंशिक दोषांची कथा अधिक सरळ आहे. कंफर्ट आणि स्टाइनबर्ग ह्यांनी १९५२ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिक येथून एका कुटुंबाची वंशावळी प्रसिद्ध केली; त्यात एकाहून अधिक पिढ्यांत हा विकार उतरला होता. त्याचा उलगडा होण्यास ४४ वर्षे लागली. १९९६ मध्ये डेव्हिड व्हिटकम ह्यांच्या गटाने अशा कुटुंबांत ट्रिप्सिनोजेनच्या जनुकातील एक दोष शोधला. ट्रिप्सिन अवेळी जागृत झाले तर त्याला तोडून निकामी करण्याची जी सोय निसर्गाने ठेवली आहे, ती ह्या एका बदलाने नाहीशी होते. कियारींनी आत्मपचनाचा विचार मांडल्याला त्या वर्षी बरोबर १०० वर्षे झाली होती. पुढे २००० मध्ये ट्रिप्सिनला आवर घालणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनाच्या जनुकातील दोषही सापडला, आणि त्याचा भारताशी निकटचा संबंध निघाला. केरळात तरुण वयात होणारा, खडे जमवीत मधुमेहाकडे नेणारा जो जीर्ण स्वादुपिंडदाह डॉ. गीवर्गीस ह्यांनी वर्णिला होता, त्याचे खापर बरीच वर्षे कसावाच्या कंदावर फोडले जाई. (ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच हा.) पण कसावा हेच मुख्य अन्न असलेल्या पश्चिम आफ्रिकेत हा विकार तसा आढळत नव्हता. २००२ मध्ये हैदराबाद येथील चांडक आणि सहकारी ह्यांनी ह्या रुग्णांत वरील दुसऱ्या जनुकातील दोषाचे प्रमाण लक्षणीय असल्याचे दाखविले. आहाराचा त्यात काहीच वाटा नाही असे ह्यावरून ठरत नाही. परंतु गरिबाच्या ताटातील कंदाकडे बोट दाखवून प्रश्न मिटविणे त्यानंतर अवघड झाले.

शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीनेच स्वादुपिंडावर उलटावे, हा प्रकारही दीर्घकाळ अज्ञातहेतुकांतच गणला जात होता. सार्ल ह्यांनी १९६१ मध्ये त्याची शंका घेतली, योशिदा ह्यांनी १९९५ मध्ये त्यास नाव दिले, आणि २००१ मध्ये जपानमधील हामानो व सहकाऱ्यांनी रक्तातील एका प्रतिपिंडाच्या वाढीवरून तो ओळखता येतो हे दाखविले.

आज निदानाची चौकट बरीच स्थिर झाली आहे. रुग्णाची व त्याच्या कुटुंबाची सविस्तर विचारपूस, औषधांची चौकशी, कॅल्शियम व ट्रायग्लिसराइड ह्यांचे मापन आणि सोनोग्राफी, आवश्यक तर ती पुन्हा एकदा, इतके करूनही कारण मिळाले नाही तरच अज्ञातहेतुक ही संज्ञा वापरावी असा दंडक आहे. त्यापुढे २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनी, दुर्बिणीच्या टोकावर ध्वनियंत्र बसवून आतून केली जाणारी सोनोग्राफी ही पहिली पायरी सांगितली. तीत सूक्ष्म खडे दिसतात, आणि उतारवयाच्या रुग्णांत झटक्यामागे दडलेली लहानशी गाठही कधी कधी दिसते.

एवढे सगळे करूनही हाती काही लागले नाही तर काय करावे, ह्याची परीक्षा फिनलंडमधील शल्यचिकित्सकांनी केली व तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. कारण न सापडलेल्या ८५ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून ३९ जणांचे पित्ताशय काढले आणि ४६ जणांना नुसते नजरेखाली ठेवले. पुढे शस्त्रक्रिया न झालेल्यांपैकी १४ जणांना पुन्हा झटका आला, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ४ जणांना. काढलेली पित्ताशये उघडून पाहिली तेव्हा ३९ पैकी २३ जणांत खडे किंवा गाळ होता. उरलेल्या १६ जणांच्या पित्ताशयात काहीही नव्हते.